दोन अर्धे डबे

लंडनमधल्या हॅरोच्या हॉलमध्ये गणपतीच्या जेवणाला शेजारी बसलेला नवा माणूस हमखास विचारतो, "काका, तुम्ही काय करायचात?" मी सांगतो, "बंदुकीच्या दुकानात होतो. काडतुसांची दारू विकायचो." तिथे त्याच्या हातातला वडा हवेतच थांबतो. इतकी वर्षं या देशात राहून मी कमावलेलं सुख म्हणजे तो थांबलेला वडा. वकिलांना आणि अकाउंटंट लोकांना ते मिळत नाही. दारूवरचा जो विनोद आत्ता तुमच्या मनात आलाय तो मला ऐकून पाठ आहे, तेव्हा तो आपापसात करून घ्या. मी इथून पुढे तिला पावडरच म्हणणार आहे.

आमचं दुकान मेडनहेडच्या पलीकडे, एका छोट्या गावाच्या हाय स्ट्रीटवर. एका बाजूला चॅरिटी शॉप, दुसऱ्या बाजूला न्हावी, मध्ये आम्ही. मालक डेरेक. मी या देशात आलो लेथवर काम करायला. कारखाना बंद पडला आणि डेरेकला रायफलीच्या नळीच्या तोंडावर आटे पाडणारा माणूस हवा होता. आटे कशाला, तर सायलेन्सर बसवायला. आपल्याकडे सायलेन्सर सिनेमातले गुंड लावतात, इथे तो शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून लावतात. आटे पाडता पाडता मी मागच्या काउंटरवर सरकलो, आणि तो काउंटर म्हणजे रीलोडिंगचा. तिथे मी निवृत्त होईपर्यंत राहिलो. गिऱ्हाइकांना 'श्याम' म्हणता येईना, म्हणून मी सॅम झालो.

रीलोडिंग म्हणजे काय ते सांगतो, घाबरू नका. रायफलीच्या काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी टिकली म्हणजे प्रायमर, पोटात पावडर, आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की पुंगळी उरते. हौशी माणूस ती उचलून घरी आणतो, साफ करतो, यंत्रात दाबून मापात बसवतो, नवी टिकली, मोजून पावडर, नवी गोळी, की काडतूस तयार. स्वस्त पडतं असं तो बायकोला सांगतो. खरं कारण असं की आपल्या रायफलीला नेमकं काय मानवतं ते शोधण्याचा नाद लागतो. हा नाद लागलेला माणूस वजनकाट्यावर दाण्यादाण्याने पावडर टाकत बसतो. आमच्या काउंटरवर एक जण असा होता की पावडर तोलताना श्वास घ्यायचा नाही. त्याचा चेहरा निळा पडायचा. बायकोने शेवटी त्याच्याजवळ ऑक्सिजनचं नळकांडं ठेवलं होतं. बरं, नळकांडं नसेल ठेवलं, पण चेहरा निळा पडायचा.

सगळी मेख पावडरीत आहे. काही पावडरी कापरासारख्या भसकन पेटतात, काही लाकडाच्या ओंडक्यासारख्या सावकाश. लहान पुंगळीला झटपट जळणारी, मोठ्या पुंगळीला सावकाश जळणारी. मोठीत झटपटवाली भरली तर गोळी नळीतून सरकायच्या आत मागे सगळा दाब तयार होतो. शिटी बंद केलेला कुकर डोळ्यांसमोर आणा. आता तो कुकर गालाला टेकवा. कुठल्या पुंगळीत कुठली पावडर किती, याची पुस्तकं असतात. त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त दिलेलं असतं. शहाणा माणूस खालून सुरू करतो आणि थोडं थोडं वर चढत जातो. प्रत्येक बारानंतर टिकली बघतो. ती चपटी झाली, किंवा नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट उचलायला जड जायला लागला, की रायफल सांगते आहे, बस कर.

शहाणी नसलेली माणसं माझ्याकडे यायची. एक शेतकरी दर वेळी विचारायचा, "सॅम, जास्तीत जास्त किती मावेल?" मी म्हणायचो, "तुमच्या विम्यात किती मावतं त्यावर आहे." मध्यंतरी रसायनांचे नियम बदलले आणि काही लोकांच्या आवडत्या पावडरी दुकानातून गेल्या त्या गेल्याच. तेव्हा तर रोज एक जण रडत यायचा, "तिच्याऐवजी ही चालेल का? तेवढीच घालू का?" साखरेऐवजी गूळ घालतात तसं. मी प्रत्येकाला पुस्तक उघडायला लावायचो आणि पुन्हा तळापासून सुरू करायला सांगायचो. गावचा पाद्री एकदा मार्मलेडच्या बरणीत पावडर घेऊन आला. आईच्या माळ्यावर सापडली म्हणे. "वास घेऊन सांग ना सॅम, कुठली आहे ती." मी म्हटलं, "फादर, वासावरून मी फक्त हिंग ओळखतो." मूळ डब्यात नाही, लेबल नाही, म्हणजे ती पावडर नाही, तो कचरा आहे. त्याने ती गुलाबाच्या वाफ्यात टाकली. त्या वर्षी गुलाब इतके माजले की चर्चचं दार उघडेना, लग्नं बाहेर लावावी लागली.

तुमच्या लक्षात आलं असेल की मी थोडं वाढवून सांगतो. दुकानात तीच माझी ख्याती होती. माझ्या मामाने ठासणीच्या बंदुकीत इतकी ठासली की बार उडाल्यावर बंदूक शेतात राहिली आणि मामा शेजारच्या गावच्या आठवडी बाजारात सापडला, ही गोष्ट डेरेकने शेवटपर्यंत खरी मानली. ब्रेंडाने मानली नाही. ब्रेंडा म्हणजे आमच्या जवळच्या नेमबाजीच्या रेंजवरची रेंज ऑफिसर, आयुष्यभर शाळा चालवलेली बाई. तिने नव्या मेंबरांसाठी नियमच करून टाकला होता, "सॅम जे सांगेल त्याला तीनने भागायचं." मी याचा राग धरला नाही. उलट मग मी आधीच तीनने गुणून सांगायला लागलो.

आता ज्या शनिवारबद्दल लिहायला बसलोय तो सांगतो. याला भागू नका.

अनिकेत देशकर हा नागपूरचा मुलगा, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये. मराठी बोलणारं माझं ते एकमेव गिऱ्हाईक. स्वभावाने काटेकोर. दोन रायफली होत्या त्याच्याकडे. एक लांब पल्ल्याची, तिला सावकाश जळणारी पावडर. दुसरी आखूड, पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी, तिला झटपटवाली. दोन्ही पावडरी मीच विकलेल्या, एकाच कंपनीच्या, एकसारख्या काळ्या डब्यांत, फक्त झटपटवालीचा डबा छोटा, दुसरीचा मोठा. आत दोन्हींचे दाणे बारीक, गोल, राखाडी. मोहरी आणि मोहरी. म्हणून तर आमच्या धंद्यात नियम आहे की टेबलावर एका वेळी एकच डबा. अनिकेत तो पाळायचा. चुकायचं ते दुसऱ्यानेच चुकायचं होतं.

त्या उन्हाळ्यात त्याचे वडील आले होते सहा महिन्यांसाठी. वामनराव. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नात नर्सरीत, हे घरी एकटे. मग बस पकडून आमच्या दुकानात यायचे आणि माझ्याशी बोलत बसायचे. डेरेकला वाटायचं ते माझे भाऊ आहेत. मीही तसंच सांगून ठेवलं होतं.

त्या शनिवारी सकाळी दुकान उघडलं आणि वामनराव हजर.

"घ्या जी श्यामराव, सुनेने केलाय. पातळ पोह्यांचा. इकडच्या मिरचीला काही दम नाही, पण खाऊन पहा."

मी मूठभर चिवडा तोंडात टाकला. चांगला होता. दुसरी मूठ घेताना माझी नजर डब्यावर गेली. काळा, गोल, जाड प्लॅस्टिकचा, लाल झाकणाचा. लेबल खरवडून काढलेलं, पण कोपऱ्यात आमच्या दुकानाच्या किमतीचा स्टिकर तसाच.

माझा घास तोंडातच राहिला.

"वामनराव, हा डबा कुठला?"

"काऊन? गॅरेजमधला. अनिकेतचा. चांगला मजबूत आहे ना? तीनदा धुतला मी, लिक्विड टाकून. घाबरू नका."

"यात जे होतं ते काय केलंत?"

"दुसऱ्या डब्यात टाकलं. दोन अर्धे अर्धे डबे जागा अडवून राहिले होते. एकात केले."

आता सांगा, हे इंग्रज माणसाच्या हातून झालं असतं? इंग्रज माणूस रिकामा डबा रीसायकलिंगच्या बिनमध्ये टाकतो आणि अर्ध्या डब्याकडे ढुंकून बघत नाही. आपल्या घरात आइसक्रीमच्या डब्यात कढीपत्ता असतो, बिस्किटांच्या टिनमध्ये सुईदोरा असतो, आणि दोन अर्धे डबे शेजारी दिसले की आपला हात शिवशिवतो. माझी आई हेच करायची. माझी बायको आजही करते.

"कधी केलंत?"

"परवा."

"अनिकेतने काल काडतुसं भरली?"

"भरली ना. ऑफिसातून उशिरा आला बिचारा, जेवून गॅरेजमध्ये बसला. आज मॅच आहे त्याची. सकाळीच गेला."

मी फोन उचलला. अनिकेतचा बंद. नेमबाज लोक फोन गाडीत ठेवून जातात, आणि ती रेंज अशा खोलगट जागी आहे की तिथे देवालासुद्धा सिग्नल मिळत नाही. रेंजच्या ऑफिसचा फोन वाजत राहिला. मॅचच्या दिवशी ऑफिसात कोण बसतं! डेरेकला म्हटलं, "हा नंबर फिरवत राहा, ब्रेंडा मिळाली तर सांग देशकरला थांबव." डेरेकने माझा चेहरा पाहिला आणि एक प्रश्न न विचारता फोन हातात घेतला. मी गाडीची चावी घेतली. वामनराव माझ्यामागे आले.

"झालं काय पण?"

"गाडीत बसा, सांगतो."

गाव संपलं की अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती. मी त्यांना कापूर सांगितला, ओंडका सांगितला, कुकर सांगितला. ते ऐकत होते, पण शाखाधिकारी ऐकतो तसं, समोरच्याची चूक शोधत.

"पण दोन्हीत माल एकच होता. मी हातावर घेऊन पाहिला ना. काहीच फरक नव्हता."

"लेबलावर काय होतं?"

"नुसते नंबर."

"सारखे?"

ते बाहेर बघायला लागले.

"वामनराव, नंबर सारखे होते का?"

"थोडे वेगळे होते. मला वाटलं, साइझ असेल."

पुढच्या वळणावर दोन बायका घोड्यांवरून चालल्या होत्या. शेजारी शेजारी, गप्पा मारत. या देशात घोड्याच्या मागे गाडी आली की माणसाने गाडीचा घोडा करायचा असतो. हॉर्न वाजवायचा नाही, घाई करायची नाही, रुंद जागा मिळेपर्यंत मागे मागे चालायचं. मी चाललो. एकीने मागे वळून हसून हात केला. मीही हसून हात केला, सवयीने. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

"पण रायफल तर लोखंडाची असते ना," वामनराव म्हणाले. आवाज उतरला होता. "लोखंडाला काय होणार?"

"लोखंडाची असते. आणि त्याच्या गालाला टेकलेली असते."

घोडे एका फाटकातून आत वळले. मी गाडी सोडली. किती वेगाने, ते सांगत नाही. इथे छापलेलं पोलीससुद्धा वाचतात.

थोड्या वेळाने वामनराव म्हणाले, "किती डेंजर आहे, नक्की सांगा."

"नक्की नाही सांगता येत, तीच तर भानगड आहे. तुम्ही ओतून हलवलंत का?"

"हलवून, ठोकून बसवलं. आपण डाळ भरताना बसवतो तसं."

"मग प्रत्येक काडतुसात वेगळं मिश्रण. एखाद्यात नुसता झटका बसेल. एखाद्यात बोल्ट मागे येईल."

"मागे म्हणजे?"

मी बोट माझ्या गालावर टेकवलं. त्यांना कळलं. त्यांनी खिशातला पेन काढला, पुन्हा लावला. मग खाली बघत हळूच म्हणाले, "श्यामराव, एक करा. मी केलं म्हणून त्याला सांगू नका. तुम्ही म्हणा, कंपनीचा माल खराब निघाला. तुम्हाला तर जमतं. एवढ्या गोष्टी सांगता तुम्ही, एक माझ्यासाठी सांगा."

मी म्हटलं, "बरं."

का म्हटलं? कारण त्या माणसाला मी आधी कधी खाली बघून बोलताना पाहिलं नव्हतं. आणि मला वाटलं, थांबवणं महत्त्वाचं, कारण कुठलंही चालेल.

रेंजवर लाल झेंडे वर होते. म्हणजे फायरिंग चालू. गाडी उभी केली तेव्हा बार ऐकू येत होते, एक, मग दुसरा, मग शांतता, मग तिसरा. "इथेच बसा," असं वामनरावांना सांगून मी धावलो. माझं धावणं तुम्ही पाहिलेलं नाही, आणि ते बरंच आहे.

रेंजवर एक चांगला नियम आहे. धोका दिसला तर कुणीही, चहा देणारासुद्धा, 'स्टॉप' ओरडू शकतो आणि सगळ्यांनी थांबायचंच. मी ओरडलो, "स्टॉप! स्टॉप! स्टॉप!" माझा आवाज असा आहे की टेकडीवरच्या मेंढ्याही थांबल्या.

सगळ्या रायफली खाली गेल्या. लायनीत मध्यावर अनिकेत पालथा पडला होता. त्याच्या उजव्या हातात एक काडतूस होतं, नळीत घालायच्या बेतात. ते त्याने चटईवर ठेवलं आणि कानावरचे मफ काढले. चेहरा होता तिथे होता. दोन डोळे, नाक, सगळं. मी मोजून घेतलं.

ब्रेंडा लायनीमागून आली. "सॅम. व्हॉट नाऊ?"

"याला फायर करू देऊ नका. याच्या पावडरीत गडबड आहे. लॉट खराब आहे. कंपनीने परत मागवलाय." मी एका दमात बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट सांगताना हातवारे केले नाहीत. धाप लागली होती.

अनिकेत उठून बसला. "कुठला लॉट, काका?"

मी काहीतरी नंबर सांगितला.

"माझा तो नाहीये. माझा जुना आहे." मग मराठीत, दबक्या आवाजात, "काका, काय चाललंय? मॅच आहे, सगळे बघतायत."

"एक बार काढलास ना तू? कसा गेला?"

"बोल्ट थोडा कडक आला. हाताच्या तळव्याने ठोकून उघडला."

"पुंगळी दाखव."

त्याने चटईवरची पुंगळी दिली. टिकली दाबून सपाट झाली होती, कडा पुंगळीत मिसळून गेलेल्या. मी ती त्याच्या डोळ्यांसमोर धरली. अनिकेत म्हणाला, "हो, दिसतंय. पण माझं पावडरीचं माप वरच्या टोकाजवळचंच आहे, आणि मी ते थंडीत टेस्ट केलं होतं. आज ऊन आहे. थोडं प्रेशर वाढणारच." जाणत्या माणसाचं हे असं असतं. त्याच्याकडे प्रत्येक खुणेचं कारण तयार असतं, आणि ते कारण बरोबरही असतं, फक्त त्या दिवसाचं नसतं.

तेवढ्यात माझ्या खोटेपणाला पाय फुटले. लायनीतल्या दोघांनी हात वर केले. "ब्रेंडा, मीही तीच पावडर वापरतो. माझंही थांबवायचं का?" तिसरा उठून आपला डबा शोधायला गाडीकडे निघाला. कुणीतरी विचारलं, कंपनीने हे जाहीर कधी केलं? ब्रेंडा ऑफिसात गेली. तिथे डेरेक अजून फोन वाजवतच होता. त्याने बिचाऱ्याने खरं सांगितलं, की माल परत मागवल्याचं त्याला काही माहीत नाही, फक्त सॅम चिवडा खाता खाता पळत सुटला.

ती परत आली. "सॅम, तीनने भागलं तरी शून्यच उरतंय. मिस्टर देशकर, तुमची हरकत नसेल तर आपण पुढे चालू करू."

अनिकेतने चटईवरच्या काडतुसाकडे हात नेला.

मी वाकलो, ते उचलून खिशात टाकलं, आणि त्याच्या बाकीच्या काडतुसांच्या डब्यावर जाऊन बसलो. अक्षरशः बसलो, मांडी घालून. लोक हसायला लागले. ब्रेंडा म्हणाली, "गेट अप, सॅम." मी म्हटलं, "पोलीस बोलवा." अनिकेतचे कान लाल झाले होते. "काका, प्लीज. उठा ना. माझं नाव खराब होतंय इथे." त्याने माझा दंड धरला. पोरगं तगडं आहे, एका झटक्यात उठवलं असतं त्याने मला. आणि मी त्याच्या बापाला शब्द दिला होता. खरं तोंडाशी आलं होतं, तिथेच अडकलं. बसून राहण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं, आणि बसून राहणं किती वेळ चालणार हे सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा गवतातून वामनराव येताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, ओलं गवत. सावकाश येत होते. वाटेत ज्याने अडवलं त्याला त्यांनी फक्त हात वर करून दाखवला. ते थेट ब्रेंडासमोर उभे राहिले आणि बँकेत ऑडिटर आल्यावर बोलतात त्या इंग्रजीत बोलले, "मॅडम, नथिंग इज राँग विथ द लॉट. आय पोअर्ड वन पावडर इनटू द अदर. माय सन डज नॉट नो. धिस जंटलमन इज लाइंग फॉर मी."

हसणं थांबलं.

मग ते अनिकेतकडे वळले. "मी ओतलं. जागा होत नव्हती म्हणून."

अनिकेतने माझा दंड सोडला. मला वाटलं आता ओरडेल. त्याने विचारलं, "कुठली कशात?"

"छोटा डबा मोठ्यात. मग हलवून बसवला."

"छोट्यात किती होती?"

"अर्धा डबा असेल. थोडी कमी."

मी खिशातलं काडतूस काढून त्याच्या हातावर ठेवलं. तो ते बोटांत फिरवत राहिला. "काल मला डबा भरलेला वाटला होता," तो म्हणाला, मला नाही, कुणालाच नाही. "वाटलं, मागच्या वेळी कमी वापरली असेल." मग तो चटईवर गुडघे टेकून बसला आणि रायफलीचा बोल्ट काढायला लागला. एरवी अंधारातसुद्धा निघेल इतका सवयीचा तो बोल्ट, पण त्याला तो निघेना. ब्रेंडाने खाली बसून तो काढून दिला. तिने पुढे कुणाला काय कळवलं ते मी लिहीत नाही. अनिकेतचं सर्टिफिकेट, म्हणजे रायफलींचा परवाना, राहिलं, गॅरेजमध्ये कुलपाचं कपाट आलं, एवढं पुरे.

दुपारी आम्ही तिघं दुकानाच्या मागच्या अंगणात होतो. मी आणि अनिकेतने एकेक काडतूस उघडून पावडर काढली. वाटेत आम्ही त्याच्या गॅरेजमधला मोठा डबाही आणला होता. तो एकदम जाळता येत नाही, थोडा थोडा जाळायचा असतो. पहिला हप्ता मी फरशीवर लांबच लांब, बारीक ओळीत पसरला. वामनराव जवळ उभे होते. रेंजवरून निघाल्यापासून बापलेकात एक शब्द झाला नव्हता. गाडीत झाला नाही, काडतुसं उघडताना झाला नाही. वामनरावांनी मला दोनदा पाणी विचारलं, मुलाला विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

मी टोकाला कागदाची लांब वात लावली. आग ओळीवर चढली. आधी सावकाश, पिवळी, सरपटत चालली. मग एका ठिकाणी फस्सकन हातभर उडी मारून पुढे गेली, पुन्हा सावकाश झाली, पुन्हा उडी. जिथे झटपटवाले दाणे जास्त पडले होते तिथे तिथे ती उडत होती. मोहरी आणि मोहरीतला फरक पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होता. उघड्यावर तेवढंच असतं ते, धूर आणि फस्स. वामनराव बघता बघता पुढे झुकत गेले. तोंड उघडं, हात पाठीमागे बांधलेले. बुटाचं टोक ओळीपासून वीतभर.

अनिकेतने पटकन हात पुढे केला आणि त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"बाबा, मागे व्हा. जवळ नका जाऊ."

वामनराव मागे झाले. अनिकेतने हात काढला नाही. ओळ संपेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले, आणि मी दुसऱ्या हप्त्याची पावडर आणायला आत गेलो.